ॲडलरने सलिव्हनला कसं निवडलं: आर्किटेक्चर फर्मच्या एका भागीदारीचा प्रकरण अभ्यास

१८७९ साली शिकागोतला पस्तिशीचा एक आर्किटेक्ट आठ वर्षांची चालती भागीदारी सोडून स्वतःच्या फर्मसाठी बाहेर पडला. त्याचं नाव डंकमार ॲडलर. त्याच्याकडे अनुभव होता, शहरात ओळख होती आणि हातात एक महत्त्वाचं सभागृह होतं. इमारत उभी कशी राहते, तिच्यात आवाज कसा पोचतो, कंत्राटदाराकडून काम कसं करून घ्यायचं, यात त्याच्या तोडीची माणसं त्या शहरात थोडी होती. इमारतीचा चेहरा घडवण्यात मात्र त्याचा हात तितका चालत नव्हता, आणि हे त्याला उमगलं होतं, असं त्याच्या पुढच्या निर्णयांवरून दिसतं. चार वर्षांनी फर्मच्या पाटीवर त्याच्या नावाशेजारी लुई सलिव्हन हे नाव आलं.

नवी फर्म काढू पाहणाऱ्या तरुण आर्किटेक्टांना मी हे प्रकरण आवर्जून सांगतो. एखादा भागीदार योग्य होता की नाही, हे सहसा ठरवता येत नाही, कारण तो नसता तर काय झालं असतं हे कळायला मार्ग नसतो. इथे तो मार्ग आहे. जोडी जमण्याआधी दोघं काय करत होते, जोडीने काय केलं, आणि जोडी तुटल्यावर प्रत्येकाच्या हातून काय घडलं, हे तिन्ही काळ दगडाविटांत मांडलेले आहेत. काही इमारती आजही उभ्या आहेत.

ॲडलरने काय आणलं

ॲडलर १८४४ मध्ये जर्मनीत जन्मला. दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर अमेरिकेत आला. वडील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. १८६१ मध्ये कुटुंब शिकागोला गेलं. पुढे यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूने तोफखान्यात लढला, जखमी झाला, आणि अखेरच्या काळात लष्कराच्या नकाशे काढणाऱ्या इंजिनिअरांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून राहिला. युद्ध संपल्यावर निरनिराळ्या आर्किटेक्टांकडे उमेदवारी करून १८७१ मध्ये एडवर्ड बर्लिंग या वयाने बऱ्याच मोठ्या आर्किटेक्टचा भागीदार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागोला प्रचंड आग लागली आणि शहराचा मध्यभाग जळून गेला. आगीनंतर बांधकामांना पूर आला. कमी वेळात, कमी पैशात, मऊ चिकणमातीच्या जमिनीवर इमारती उभ्या करायच्या, त्याही रोज नवा मालक आणि नवा कंत्राटदार सांभाळत. या घाईत ॲडलर तयार झाला. कॉलेजमध्ये न मिळणारं शिक्षण त्याला साइटवर मिळालं.

बर्लिंगपासून वेगळं होतानाच्या सुमारास त्याने सेंट्रल म्युझिक हॉल पूर्ण केला. तिथला आवाज इतका स्वच्छ होता की सभागृह म्हटलं की ॲडलर, असं शहरात समीकरण झालं. तेव्हा ध्वनिशास्त्राला आजच्यासारखा गणिती पाया नव्हता. वॉलेस सबाइन यांचे हार्वर्डमधले प्रयोग १८९५ मध्ये सुरू झाले, म्हणजे बरेच नंतर. ॲडलरने जॉन स्कॉट रसेल या ब्रिटिश इंजिनिअरने १८३८ मध्ये मांडलेली वक्ररेषा वापरली. आसनांच्या रांगा त्या रेषेने मागे चढत नेल्या की बोलणाऱ्याचा आवाज प्रत्येक रांगेपर्यंत सरळ, सारखा पोचतो. बाकीचं त्याने कानाने आणि अनुभवाने साधलं.

भागीदार शोधणाऱ्याने इथे जरा थांबावं. ॲडलरला कामासाठी भागीदार नको होता, काम त्याच्याकडे येत होतं. शिकागोतल्या जर्मन-ज्यू व्यापारी समाजात त्याची उठबस होती. तिथून घरं, क्लब, प्रार्थनास्थळं, कारखाने मिळत. भांडवलासाठीही कोणी नको होतं. त्याला नेमकी एकच गोष्ट हवी होती. ‘आपल्याला काय येत नाही’ याचं उत्तर ज्याच्याकडे एका वाक्यात असतं, त्याचा शोध निम्म्याने सोपा होतो. बरेच जण ‘सूर जुळतात’ एवढ्यावर भागीदार ठरवतात. दोन चांगले डिझायनर एकत्र येतात, आणि वर्षभरात लक्षात येतं की बिल पाठवायला, कंत्राटदाराला फोन करायला आणि नगरपालिकेत खेटे घालायला दोघांपैकी एकालाही उत्साह नाही.

सलिव्हनने काय आणलं

सलिव्हन ॲडलरहून बारा वर्षांनी लहान, १८५६ मध्ये बॉस्टनमध्ये जन्मलेला. सोळाव्या वर्षी तो एमआयटीत आर्किटेक्चर शिकायला गेला आणि वर्षभरात बाहेर पडला. फिलाडेल्फियाला फ्रँक फर्नेस या आर्किटेक्टकडे लागला. १८७३ च्या मंदीत ती नोकरी गेली. मग शिकागोत विल्यम ल बॅरन जेनीच्या कचेरीत काही महिने, आणि १८७४ मध्ये पॅरिसला एकोल दे बोझार्त या कलाशाळेत. तिथलाही अभ्यासक्रम पूर्ण न करता तो परतला. पदवी नाही, स्वतःचा ग्राहक नाही. होती ती विलक्षण रेषा, झपाटल्यासारखं वाचन, आणि इमारतीने आपल्या काळाची भाषा बोलावी असा हट्ट.

ओळख करून दिली जॉन एडेलमनने. तो सलिव्हनचा जिवलग मित्र, आणि बर्लिंग-ॲडलरच्या कचेरीत काम केलेला ड्राफ्ट्समन. दोघांनाही आतून ओळखणारा तिसरा माणूस मध्ये असणं फार मोलाचं ठरलं. शिवाय १८७६ च्या सुमारास बर्लिंग आणि ॲडलर यांच्या सिनाय टेंपलची भित्तिसजावट एडेलमन आणि सलिव्हन यांनीच केली होती. म्हणजे पाटीवर नाव येण्याच्या कितीतरी आधी या मुलाचं काम ॲडलरच्या स्वतःच्या इमारतीच्या भिंतीवर होतं.

पायरी पायरीने

सलिव्हन एकदम भागीदार झाला नाही. आधी त्याला ॲडलरच्या चालू कामांतले भाग मिळाले, दर्शनी बाजू, अलंकरण, आतली सजावट. १८८० मधल्या बोर्डन ब्लॉक या कचेऱ्यांच्या इमारतीवर त्याचा हात आहे. मग कचेरीत पक्की जागा, मग नफ्यात लहान वाटा, आणि १८८३ मध्ये बरोबरीची भागीदारी व ‘ॲडलर अँड सलिव्हन’ ही पाटी. सलिव्हनने उतारवयात लिहिलेल्या आठवणींत या तारखा एक-दोन वर्षं आधीच्या आहेत, इतिहासकार १८८३ धरतात. तारखा कोणत्याही घेतल्या तरी क्रम तोच राहतो: काम, जबाबदारी, वाटा, नाव.

माझ्या मते या प्रकरणातला शिकण्याजोगा भाग हाच आहे. खऱ्या मालकाच्या खऱ्या इमारतीवर बरोबर काम केल्याशिवाय माणूस कळत नाही. दोघांनी मिळून स्पर्धेसाठी डिझाइन पाठवलं, तर एकमेकांची आवड कळते, रात्र जागवण्याची तयारी कळते. पण स्पर्धेत ‘हे नको, खर्च जास्त आहे’ म्हणणारा मालक नसतो. चुकलेलं कॉलम पाडायला सांगण्याची वेळ येत नाही. फी थकलेली नसते. अशा एखाद्या प्रसंगी समोरचा कसा वागतो, तेवढंच बघायचं असतं. ॲडलरने ते चार वर्षं पाहिलं. मालकापुढे सलिव्हनची बाजू आपण मांडू शकतो आणि सलिव्हनला त्याचं काम निवांत करू देऊ शकतो, अशी त्याची खात्री झाली असावी.

एक गोष्ट मात्र त्या चार वर्षांत तपासली गेली नाही, कारण तपासायची वेळच आली नाही. शिकागोत तेव्हा काम भरपूर होतं. काम आटलं तर हा माणूस काय करेल आणि मी काय करेन, हा प्रश्न भरभराटीच्या दिवसांत कोणाच्या मनात येत नाही.

ऑडिटोरियम: जोडी जुळल्याचा पुरावा

१८८५ मध्ये शिकागोत ऑपेरा महोत्सव झाला. त्यासाठी प्रदर्शनाच्या एका अवाढव्य इमारतीत तात्पुरतं सभागृह उभारायचं होतं. ते काम ॲडलर अँड सलिव्हनने केलं, आणि लांबलचक शेडमध्येही गाणं शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. महोत्सवामागे फर्डिनांड पेक हा धनिक होता. पुढच्याच वर्षी पेकने कायमच्या सभागृहाची, म्हणजे ऑडिटोरियमची, योजना मांडली तेव्हा काम कोणाकडे जाणार, हे जवळपास ठरलेलं होतं.

योजना सोपी नव्हती. चार हजारांहून जास्त आसनांचं ऑपेरागृह, भोवती हॉटेल, दुसऱ्या बाजूला कचेऱ्या, वर सतरा मजली मनोरा. हॉटेल आणि कचेऱ्यांच्या भाड्यावर कलेचा खर्च भागवायचा, असा पेकचा हिशेब. खर्च तीस लाख डॉलरच्या पुढे गेला. आणि एवढं सगळं शिकागोच्या त्याच मऊ चिकणमातीवर उभं करायचं होतं.

या एका इमारतीत दोघांची वाटणी स्वच्छ दिसते. पाया ॲडलरचा: लाकडी ओंडके, त्यावर काँक्रीट आणि आडवे-उभे लोखंडी रूळ अशी तरंगती बैठक, ज्यामुळे वजन रुंद जागेवर पसरावं. मनोरा बाकीच्या इमारतीपेक्षा जड, त्यामुळे तो नंतर जास्त खचेल आणि सांध्यांना तडे जातील, ही भीती. म्हणून मनोरा पुरता चढण्याआधीच त्याच्या पायावर विटा आणि कच्च्या लोखंडाचा भार ठेवला, आणि बांधकाम चढत गेलं तसा तो उतरवत नेला. पुढे भिंती ठरल्यापेक्षा जड दगडात बांधल्या गेल्याने इमारत तरीही बरीच खचली, पण उभी राहिली, आणि आजही वापरात आहे. रंगमंचाची यंत्रणा बघायला ॲडलर १८८८ मध्ये युरोपात फिरून आला आणि पाण्याच्या दाबावर हलणारा रंगमंच त्याने इथे बसवला.

सभागृहाचं छत पाहिलं की दोघांच्या कामांतली सीमारेषा पुसली जाते. रंगमंचापासून मागे एकामागोमाग रुंद होत जाणाऱ्या लंबवर्तुळाकार कमानी आहेत. ॲडलरसाठी त्या आवाज पुढे ढकलणारा कर्णा होत्या, आणि आतून हवा खेळवण्याची वाटही. त्याच कमानींवर सलिव्हनने सोनेरी उठावाची नक्षी काढली आणि विजेचे दिवे ओळीने जडवले. एकाने आकार ठरवला, दुसऱ्याने त्याच आकारातून सौंदर्य काढलं. कमानी काढून टाका, आवाज जाईल. नक्षी काढून टाका, तर लोक मान वर करून बघणार नाहीत. भागीदारी म्हणजे काय, हे मला या छताइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

तिसरी गोष्ट इमारतीत दिसत नाही, ती मालकासमोरच्या टेबलावर घडली. सलिव्हनचे पहिले आराखडे उतरती छपरं आणि बुरूज यांनी गजबजलेले होते. संचालकांना खर्चात काटकसर हवी होती, आणि हेन्री हॉब्सन रिचर्डसनने शिकागोत मार्शल फील्डसाठी बांधलेलं भारदस्त, साधं गोदाम त्यांच्या मनात भरलं होतं. आराखडा टप्प्याटप्प्याने साधा होत गेला. हे नवखे लोक एवढं काम पेलतील का, अशी शंकाही होती. म्हणून आराखडे विल्यम वेअर या प्राध्यापकांना दाखवले गेले, ज्यांच्या हाताखाली सलिव्हन एमआयटीत शिकला होता. त्यांनी पसंती दिली. या साऱ्या काळात संचालक, कंत्राटदार आणि हिशेब यांच्यासमोर ॲडलर उभा होता. सलिव्हनला नकार ऐकावे लागले, पण ते पचवायला मध्ये एक माणूस होता.

९ डिसेंबर १८८९ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या उपस्थितीत ऑडिटोरियमचं उद्‌घाटन झालं. फर्मने आपली कचेरी त्याच इमारतीच्या मनोऱ्यात वर थाटली. सलिव्हन इतका थकला होता की विश्रांतीसाठी दूर दक्षिणेत गेला आणि मिसिसिपीतल्या ओशन स्प्रिंग्ज या समुद्रकाठच्या गावी त्याने जागा घेऊन घर बांधलं. पुढे दरवर्षी तो तिथे जात राहिला.

पुढची चार वर्षं फर्म शिखरावर होती. सेंट लुईची दहा मजली वेनराइट बिल्डिंग १८९१ ची. पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतीला उंचीचाच अभिमान वाटावा, असा उभ्या खांबांचा चेहरा सलिव्हनने तिला दिला. शिकागोत शिलर थिएटर, स्टॉक एक्स्चेंज, १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातलं सोनेरी प्रवेशद्वाराचं वाहतूक दालन. न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या आवाजासाठीही ॲडलरचा सल्ला घेतला गेला होता. पुढे आर्किटेक्ट म्हणून जगभर नावाजलेला फ्रँक लॉइड राइट याच कचेरीत शिकत होता. रात्री चोरून स्वतःची घरांची कामं करतो, हे उघड झाल्यावर १८९३ मध्ये तो बाहेर पडला.

मंदी

१८९३ मध्ये अमेरिकेत बँका कोसळल्या आणि बांधकाम थांबलं. प्रदर्शनाच्या झगमगाटाने शिकागोला थोडे दिवस आधार दिला, मग तिथेही शांतता. १८९४ आणि १८९५ मध्ये फर्मकडे नवं काम जवळपास आलं नाही. हातात मोठं असं एक काम उरलं, बफेलो शहरातली गॅरंटी बिल्डिंग. तिचा मूळ मालकही १८९४ मध्ये वारला आणि काम दुसऱ्या कंपनीने पुढे नेलं. ड्राफ्ट्समन कमी केले गेले.

इथे दोघांच्या कचेरीबाहेरच्या आयुष्याकडे बघावं लागतं. ॲडलर पन्नाशीचा, पत्नी आणि तीन मुलांचा संसार असलेला. सलिव्हन अजून अविवाहित होता, लग्न त्याने १८९९ मध्ये केलं. एकाला दर महिन्याला ठरावीक रक्कम घरी न्यायची होती. दुसऱ्याच्या डोक्यावर तेवढी जबाबदारी नव्हती. त्यामुळे ‘थोडं थांबू, काम येईल’ या वाक्याचा अर्थ दोघांसाठी सारखा असूच शकत नव्हता. भागीदार निवडताना आपण त्याच्या डिझाइनबद्दल तास तास बोलतो, आणि त्याच्या घरात किती तोंडं आहेत, कर्ज किती आहे, किती महिने पगाराविना निघतील, हे विचारायला संकोचतो. मला तो संकोच महागात पडणारा वाटतो. समान वाटा घेणाऱ्या दोघांची तग धरण्याची ताकद समान नसेल, तर वाईट वर्षात आधी कोण उठेल हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं.

जुलै १८९५ मध्ये ॲडलर उठला. क्रेन या लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत पगारी जागा स्वीकारून त्याने आर्किटेक्टचा व्यवसाय सोडत असल्याचं जाहीर केलं. तिथे त्याचं मन रमलं नाही. सहा महिन्यांत तो नोकरी सोडून परत आला, आणि पुन्हा जोडी जमवायची त्याची तयारी होती. सलिव्हनने नकार दिला.

सलिव्हनची बाजूही समजून घेतली पाहिजे. कठीण काळात ज्याच्या भरवशावर राहायचं, तोच निघून गेला, हा घाव खरा होता. गॅरंटी बिल्डिंगचं काम चालू असताना तो एकटा पडला. शिवाय तोवर त्याचं नाव देशभर झालं होतं, आणि आपल्या नावावर काम येईल असं वाटण्याला कारण होतं. पण रागाच्या पलीकडे जाऊन फर्मचा हिशेब मांडला असता, तर परत येऊ पाहणारा ॲडलर ही त्याला मिळालेली सर्वांत मोठी संधी होती. अशा वेळी काय करायचं, हे दोघांनी आधी ठरवून ठेवल्याची खूण घडलेल्या गोष्टींत कुठे दिसत नाही. नियम नव्हता, म्हणून निर्णय भावनेने झाला.

वेगळे झाल्यावर

ॲडलरने त्याच ऑडिटोरियम इमारतीत खालच्या मजल्यावर कचेरी घेतली, मुलाला हाताशी घेतलं आणि काम सुरू केलं. कामं आली, पण नाव घ्यावं अशी इमारत म्हणजे अखेरच्या काळातलं आयझाया टेंपल. तेही ध्वनीसाठी आणि नेटक्या रचनेसाठी, रूपासाठी तितकं नाही. त्याने आपली शक्ती व्यवसायाला शिस्त लावण्याकडे वळवली. आर्किटेक्टांना परवाना सक्तीचा करणारा अमेरिकेतला पहिला कायदा इलिनॉय राज्याने १८९७ मध्ये केला. तो घडवण्यात ॲडलर पुढे होता, आणि त्याखालच्या परीक्षक मंडळाचं अध्यक्षपदही त्याच्याकडे आलं. १६ एप्रिल १९०० रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो गेला.

सलिव्हनची घसरण लांबली. श्लेसिंगर अँड मेयर हे शिकागोतलं भव्य दुकान त्याने एकट्याने केलं, न्यू यॉर्कमध्ये बेयर्ड बिल्डिंग केली. दोन्ही अव्वल. पण मधली अंतरं वाढत गेली. जोडी असताना बारा वर्षांत शंभरावर कामं झाली होती. नंतरच्या जवळपास तीस वर्षांत हाताला लागली ती वीसच्या आसपास. छोट्या गावांतल्या बँका त्याने अप्रतिम बांधल्या, ओवाटोनाची १९०८ ची बँक बघायला आजही लोक जातात. मात्र मालकाशी जुळवून घेणं त्याला जमेना. सीडर रॅपिड्समधल्या एका चर्चचा खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा तो काम सोडून निघाला, आणि ते दुसऱ्यांनी आटोपतं करून पूर्ण केलं. ऑडिटोरियमच्या वेळीही काटकसर झाली होती, आराखडे बदलले होते. तेव्हा टेबलावर ॲडलर होता.

१९०९ मध्ये सलिव्हनला घरातल्या वस्तू, पुस्तकं लिलावात काढाव्या लागल्या. त्याचा उजवा हात असलेला जॉर्ज एल्मस्ली त्याच वर्षी सोडून गेला. १९१८ मध्ये मनोऱ्यातली कचेरी गेली. १४ एप्रिल १९२४ रोजी तो शिकागोत कफल्लक अवस्थेत वारला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं सुवर्णपदक त्याला १९४४ मध्ये मिळालं, मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

हे वाचून ‘कलावंताला व्यवहार कळत नाही’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण मला तो अपुरा वाटतो. ॲडलरचंही एकट्याने भागलं नाही. त्याच शहरात त्याच काळात डॅनियल बर्नहॅम आणि जॉन रूट यांची जोडी होती, १८७३ पासून. रूट १८९१ मध्ये अकाली गेला. बर्नहॅम खचला, पण त्याची फर्म वाढतच गेली, कारण डिझाइन करणारी नवी माणसं शोधून त्यांना कामाला लावण्याची व्यवस्था त्याने उभी केली. चार्ल्स अ‍ॅटवुडने त्याच्याकडे रिलायन्स बिल्डिंग केली, पुढे न्यू यॉर्कची फ्लॅटआयर्न याच फर्ममधून निघाली. ॲडलरची सारी भिस्त एका माणसावर होती, आणि सलिव्हनची एका माणसाच्या पाठिंब्यावर. दोघांच्या मध्ये तिसरी फळी नव्हती. राइट गेला तेव्हा ती उरलीसुरली शक्यताही गेली.

नव्या फर्मच्या टेबलावर

ॲडलरची निवड चुकली, असं मला अजिबात वाटत नाही. सलिव्हनहून योग्य माणूस त्याला मिळाला नसता. उणीव नेमकी ओळखणं, मधल्या माणसाकरवी ओळख, स्वतःच्या कामावर पारख, आणि वाटा हळूहळू वाढवणं, हे सगळं आजही जसंच्या तसं करता येतं. राहून गेलं ते त्यानंतरचं बोलणं.

म्हणून भागीदारीच्या बोलण्यांत मी डिझाइनचं तत्त्वज्ञान शेवटी ठेवायला सांगतो. आधी दोघांनी आपापल्या घरचा महिन्याचा खर्च एकमेकांना सांगावा. मग हे ठरवावं: सहा महिने नवं काम आलं नाही, तर फर्मच्या खात्यातून कोणाला किती मिळेल, आणि ज्याची गरज जास्त आहे त्याला जास्त उचल मिळणार असेल तर ती पुढे कशी वळती होईल. एकाला काही काळ नोकरी धरावी लागली, तर त्याचं नाव पाटीवर राहील का, आणि परत यायची मुभा किती महिन्यांपर्यंत. ॲडलर सहा महिन्यांत परतला होता. एका वर्षाची मुभा लिहून ठेवलेली असती, तर सलिव्हनला रागावूनही दार उघडं ठेवावं लागलं असतं.

मालकासमोर कोण बसणार, हेही आधीच बोलावं. ‘दोघंही’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, कामाला येत नाही. खर्च कापायची वेळ येते तेव्हा ज्याने रेषा काढली आहे त्यानेच ती खोडायची का, की दुसऱ्याने मध्ये उभं राहायचं, हे ठरलेलं असावं. आणि जो मध्ये उभा राहतो त्याचं नाव इमारतीबरोबर घेतलं जाईल, याची काळजी डिझाइन करणाऱ्याने घ्यावी. सलिव्हनचं नाव आज आर्किटेक्चरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. ऑडिटोरियमचा पाया कोणी घातला, हे विचारलं तर बरेच जण थबकतात. असा असमतोल जोडी चालू असतानाही आतून पोखरत असतो.

शेवटची बाब अर्धवट कामांची. गॅरंटी बिल्डिंग जोडीच्या नावाने आली आणि जोडी मोडल्यावर १८९६ मध्ये पुरी झाली. तुमच्या हातात अशी कामं असताना वेगळं व्हायची वेळ आली, तर साइट कोण पाहील, फीचे उरलेले हप्ते कसे वाटले जातील, नकाशांवर कोणाची सही राहील, छापील किंवा जाहीर कामांच्या यादीत दोघांची नावं कशी येतील, हे करारात एका पानावर मावतं. हे पान पहिल्या फीचा पहिला हप्ता येण्याआधी लिहावं. खात्यात अजून पैसे नसतात, कोणी कोणाचं काही देणं लागत नसतं, तेव्हा दोघंही मोकळेपणाने बोलतात.